गयेला सोडलेलं सीताफळ

"'फॉरगो' म्हणजे आपल्याला आवडणारी गोष्ट आपणहून सोडणं," इंग्रजीच्या पुस्तकातून डोकं वर काढत भाची म्हणाली. "मावशी, वाक्यात उपयोग सांग ना."

मावशी मटार सोलत होती. "लिही. गयेला तुझ्या काकांचं पिंडदान झालं, तेव्हा तिथल्या रिवाजाप्रमाणे मी सीताफळ कायमचं सोडलं."

"पण सीताफळ तर काकांना आवडायचं. तू कधी तोंडातही घालायची नाहीस."

"हं."

"मग उपयोग चुकला. स्वतःच्या आवडीचं सोडायचं असतं. तुला काय आवडतं?"

मावशीने मुठीतले दाणे टरफलांत टाकले.

"गुरुजींनीही हेच विचारलं होतं," ती म्हणाली. "मी बराच वेळ आठवत बसले. काही सुचेना. मागे लोक खोळंबले होते, म्हणून ह्यांच्याच आवडीचं सांगून टाकलं."