चेहरा पाठवायचा नाही

"बार हलायच्या आधीच तुझं ढुंगण वर येतंय, पोरी. कमरेचं वाटोळं करून घ्यायचंय का? परत कर."

मास्तरांनी एका बोटाने एवढं टाइप केलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. पलीकडून लगेच उत्तर आलं, "हो सर."

आठ महिने हे चाललं होतं. स्वतःच्या जिमला कुलूप घातल्यापासून मास्तर घरबसल्या लोकांचे पॉवरलिफ्टिंगचे व्हिडिओ तपासून द्यायचे, तेही फुकट. अट एकच, चेहरा पाठवायचा नाही. चेहरा दिसला की दया येते आणि दया आली की चूक नजरेतून सुटते, असं त्यांचं म्हणणं. "माणूस मी पाठीवरून ओळखतो," हेही ते येताजाता ऐकवायचे. त्यात खोटं काही नव्हतं. जिममधली चाळीस पोरं भिंतीकडे तोंड करून उभी केली असती, तरी त्यांनी एकेकाचं नाव सांगितलं असतं.

ही मुलगी मात्र वेगळी होती. पहिल्याच दिवशी तिने लिहिलं होतं, "कंबर कामातून गेलीय. भीती वाटते. शिकवाल का?" अंगात ढगळ टी-शर्ट, ढगळ पँट. तीस किलोचा बार उचलताना गुडघे लटलट कापत होते. तेवढ्यावरून नवखीच म्हणायची. पण व्हिडिओ बघाल तर! मोबाईल बरोबर कमरेच्या उंचीवर, बारच्या टोकाकडून जरासा तिरका, पावलापासून खांद्यापर्यंत सगळं दिसेल असा. नवखी माणसं पाण्याच्या बाटलीला मोबाईल टेकवतात आणि मोकळी होतात. हा कोन मास्तरांनी आयुष्यात एकाच माणसाला शिकवला होता, स्वतःच्या लेकीला.

तीन वर्षांपूर्वी भर स्पर्धेत लेक म्हणाली होती, "बाबा, तिसरी उचल नको. कंबर कुरकुरतेय."

"नखरे करू नकोस," मास्तर म्हणाले होते.

दीडशे किलो गुडघ्यापर्यंत आले आणि पोरगी तिथेच कोसळली. सहा महिने अंथरुणात गेले. हिंडूफिरू लागल्यावर तिने शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली. आई एक दिवसाआड डबा घेऊन तिच्याकडे जायची. बापाशी मात्र तेव्हापासून एक शब्द नाही.

आता तीच परत आली होती, चेहरा झाकून का होईना. मास्तरांना खात्रीच होती. नाव विचारायची छाती मात्र होत नव्हती. विचारलं आणि पुन्हा गप्प झाली तर काय करायचं? म्हणून ते नुसते शिकवत राहिले. या खेपेला घाई नाही. पंधरा दिवसांनी अडीच किलो वाढवायचे, त्याहून एक ग्रॅम जास्त नाही. हातांनी ओढू नकोस, पायांनी जमीन ढकल. पोटात हवा भर आणि धरून ठेव. बार नडगीला घासत वर येऊ दे, खरचटलं तर खरचटलं.

"दिवसभर काय त्या मोबाईलला चिकटून बसता?" एका संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता बायकोने विचारलं.

"एक पोरगी शिकतेय. जिद्दीची आहे."

"रोज रगडता वाटतं तिला?"

"आठवड्यातून तीनदा."

"मग द्या की चार दिवस आराम. तीही हाडामांसाचीच असेल ना?"

"तुला काय कळतंय त्यातलं?" मास्तर फिस्कारले. पण नंतर व्हिडिओ पुन्हा पाहिले तर बाई चुकीचं बोलली नव्हती. बार वर येताना रेंगाळत होता. त्यांनी लिहिलं, "हा आठवडा निम्मंच वजन. नऊ तास झोप. व्यायामात शरीर मोडतं, ताकद येते ती विश्रांतीत." हेच तीन वर्षांपूर्वी लेकीला सांगितलं असतं तर! लिहितानाच त्यांचे डोळे भरून आले.

महिनाभराने तिचा निरोप आला. "रविवारी स्पर्धा आहे सर. डेडलिफ्टला नाव दिलंय. क्रमांक सात. याल ना?"

मास्तरांना आदल्या रात्री झोप लागली नाही. रविवारी बायको सकाळीच बहिणीकडे गेली, तेही बरंच झालं. त्यांनी आरशासमोर उभं राहून चार वाक्यं घोकली. इस्त्रीचा शर्ट घातला. हॉलपर्यंत जाताना त्यातली तीन विसरले.

आत खडूच्या पावडरीचा वास होता, लोखंडी प्लेटा आदळत होत्या. तीन वर्षांत ते अशा जागी फिरकले नव्हते. यादी लावलेल्या फळ्यासमोर गर्दी होती. तिकडे ते वळलेच नाहीत, कारण लेक मंचाच्या कडेलाच पाठमोरी उभी होती. ओळखायला काय वेळ लागतोय! अंगावर साधा शर्ट आणि जीन्स.

"पोरी," मास्तर कसेबसे म्हणाले, "माझं चुकलं. तेव्हा तुझं ऐकायला हवं होतं मी."

लेक वळली. "हो बाबा," ती म्हणाली, "हवं होतं." आणि तिने त्यांचा हात घट्ट धरला.

माईकवर पुकारा झाला, "क्रमांक सात. पंचाहत्तर किलो. पहिली उचल."

"अगं, तुझा नंबर! पट्टा कुठाय? कपडे कधी बदलणार?"

"माझा नंबर?" लेक डोळे पुसता पुसता हसली आणि तिने खिशातून मोबाईल काढला. "बाबा, जरा बाजूला सरका. व्हिडिओत येताय."

पडदा सरला, आणि कमरेचा पट्टा आवळत मास्तरांची बायको बाहेर आली.