फुकटची तपासणी

"आये, तुझं वय झालंय, एकदा सगळं तपासून घेऊ," म्हणत चामटोली गावचा हिरामण आईला, बनूबाईला, शहरातल्या कॅम्प दोन भागातल्या लॅबमध्ये घेऊन गेला. तिथे एका तपासणीवर दुसरी मोफत होती. वाया कशाला घालवायची, म्हणून पन्नाशीतल्या हिरामणनेही रक्त दिलं.

आईचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. हिरामणच्या मात्र पुन्हा तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, "तुमच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. डायलिसिस सुरू करू. पण घरातलं कुणी किडनी देणारं असेल तर बरं."

बनूबाईने आपली खुर्ची डॉक्टरांजवळ ओढली.



"डाक्टर, माजी जुनी हाय, पन चालू हाय. बसंल का याला?"