लॉगिन येईपर्यंत

"बाबा, प्रोसेसर चुकला," मुलगी म्हणाली. "हा आपल्या लॅपटॉपचा निवडलात. छोट्या सर्किट बोर्डाला एआरएम लागतो. कालच सांगितलं होतं ना?"

"सांगितलं असशील," म्हणत बाबा निमूटपणे यादीत वर गेले.

काल सांगितलं होतं, परवाही सांगितलं होतं. मागचे पाढे पंचावन्न.

जन्मभर शिलाई मशीन दुरुस्त केलेल्या माणसाला सत्तरीत लिनक्सचं वेड लागलं होतं. मुलीचं ते रोजचंच काम. तिच्या कंपनीची रक्तदाब मोजायची यंत्रं तिने बांधलेल्या लिनक्सवर चालायची. स्कूटरवरून पडून हात मोडला, कपाळाला टाके पडले आणि ती घरी बसली. तेव्हा बाबांनी कोरी वही पुढे केली. म्हणाले, मला शिकव. खरा बोर्ड नव्हता, पण एम्युलेटर होता, म्हणजे लॅपटॉपच्या आतच उभा राहणारा खोटा बोर्ड. त्यावर आपण बांधलेली सिस्टिम चालू झाली आणि तिने लॉगिन विचारलं, की जिंकलं.

प्लॅस्टर निघून महिना झाला होता. सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. पण आई गेल्यापासून घरात दोघंच, आणि बाबांचं हे असं. आज त्यांनी स्वतःच्या हिमतीवर लॉगिनपर्यंत मजल मारली तरच जायचं, नाहीतर रजा वाढवायची, असं तिने ठरवून टाकलं होतं.

सिस्टिम बांधून झाली. बाबांनी एम्युलेटर सुरू केला. खिडकी काळी, ती काळीच राहिली.

"हे मेलं वाटतं," बाबा म्हणाले.

"मेलं नाही, चांगलं बोलतंय. आपल्यालाच ऐकू येत नाही. कन्सोलचं नाव बघा, ओळी कुठे छापायच्या ते."

बाबा चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता. शेवटी तिनेच कीबोर्ड ओढला आणि नाव बदललं. भराभर ओळी धावल्या आणि कर्नल पॅनिकवर, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याने हात टेकल्याच्या संदेशावर, येऊन थांबल्या.

"डिस्क कुठली ते दिलंच नाहीत. कर्नल उठला बिचारा, पण घर कुठाय ते त्याला कोणी सांगायचं?"

"तू सांग की," बाबा म्हणाले.

तिने सांगितलं. मग तिलाच शंका आली. "सुरुवातीच्या स्क्रिप्टला चालवायची परवानगी दिलीत?"

"दिली ना."

दिली नव्हती. तीही तिनेच दिली, सिस्टिम पुन्हा बांधली आणि या खेपेला पडद्यावर लॉगिन आलं.

"आलं की गं," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

तिला मात्र भडभडून आलं. सगळं तर तिनेच केलं होतं. एके काळी आवाजावरून मशीनचा बिघाड सांगणारा हा माणूस, आणि आज त्याच्या डोक्यात काही राहत नव्हतं. तिने स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला आणि ऑफिसला लिहायला घेतलं: वडिलांची तब्येत ठीक नाही, रजा वाढवून हवी आहे.

बाहेरच्या खोलीत बाबांनी दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात फोन लावला.

"डॉक्टर, आज चार चुका मुद्दाम घातल्या होत्या. कालपर्यंत दोनच सापडायच्या, आज चारही तिने पकडल्या. डोक्याला मार लागल्यापासून पहिल्यांदाच. आता सोमवारी पाठवू ना तिला कामावर?"