चौकटीवरच्या रेघा

सुताराच्या घराण्यात जुनी रीत होती. वाढदिवसाला मुलाला स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकवून उभं करायचं आणि कानामागची पेन्सिल काढून डोक्याशी रेघ मारायची. तिथे पणजोबांचीसुद्धा रेघ होती. ती सगळी माणसं आता घरामागच्या दफनभूमीत होती.

सुताराची लेकही तिथेच होती. तिच्या रेघा मात्र दरवर्षी वर सरकत होत्या.

बायको मन रमवतेय असं समजून तो गप्प राहिला होता. पण आज लेकीच्या वाढदिवशी नवी रेघ त्याच्या खांद्याला लागली, तेव्हा त्याला राहवलं नाही.

"किती उंच करशील गं तिला?"

बशी पुसणारा बायकोचा हात थांबला. "मी? अहो, मला वाटलं तुम्हीच मारता. म्हणून तर कधी विचारलं नाही."

मग ती हळूच खाली बसली आणि तिने चौकटीवर बोट ठेवलं. गुडघ्याच्या जरा वर आणखी एक ताजी रेघ होती. चुळबुळ करणाऱ्या मुलाला धरून मारावी तशी, वाकडी.

गेल्या वर्षी लेकीच्या शेजारी त्यांनी एक बाळ पुरलं होतं, न रडताच गेलेलं. त्यावर दगड बसवला नव्हता, कुणाला सांगितलंही नव्हतं.

"उभं राहायला लागलं की हो," बायको म्हणाली.