चिंगीचा चांगला निकाल

शिवणयंत्रावरून रीळ घरंगळलं आणि टक् टक् करत कपाटाखाली गेलं. तेवढ्या आवाजाने दोघी जावा भानावर आल्या. दोघींच्या मध्ये एक अर्धवट उसवलेली पँट पडली होती आणि तिच्यावर शाळेतून आलेली दोन पत्रं.

थोरलीने आपलं पत्र एकदाच वाचलं होतं. धाकटीचं ती तिसऱ्यांदा वाचत होती. 'वाचन वयाच्या मानाने दोन वर्षे मागे. अक्षरांची अदलाबदल होते. विशेष शिक्षिकेकडे आठवड्यातून तीन तास.' किती सुंदर पत्र होतं! असं कुणीतरी आपल्या लेकीबद्दल, चिंगीबद्दल, लिहून द्यावं म्हणून ती दोन वर्षं वणवण फिरली होती. तिच्या स्वतःच्या पत्रात होतं, 'वाचन वयाला साजेसे. तूर्त मदतीची गरज नाही.'

"यंदा एकच जागा होती म्हणे," धाकटी म्हणाली. "ती आमच्या ठकीला. हसू की रडू तेच कळेना मला, वहिनी."

"हस की. आयतं ताट समोर आलंय."

"अहो, ताट वाढलंत तुम्हीच. मला कुठलं काय ठाऊक! मी तर ठकीला ऐदी म्हणून धपाटे घालत होते. तुम्ही सांगितलंत, हा आळस नाही, डिस्लेक्सिया आहे. अर्ज तुम्ही आणलात, भरलातही तुम्हीच."

खरंच होतं ते. कुठल्या खोलीत कोण बसतं, कुठल्या बाई फोन उचलतात, कुठल्या वाचनालयात मोठ्या अक्षरांची पुस्तकं मिळतात, सगळं थोरलीने एका वहीत उतरवून ठेवलं होतं. धाकटीने वही मागितली, तिने दिली. तेव्हा आपलं मन फार मोठं आहे असं तिला वाटलं होतं. आता त्यात मुंगीला शिरायलाही जागा नव्हती.

"पण चिंगीने कमाल केली हो," धाकटी म्हणाली. "परवा माझ्याकडे साबणाच्या खोक्यावरचे चार शब्द वाचताना घाम फुटला होता पोरीला. आणि चाचणीत घडाघडा!"

"नशीब एकेकाचं," थोरली म्हणाली आणि उसवायला पँट ओढून घेतली.

जिन्यात खिदळणं ऐकू आलं. दोघी चुलत बहिणी दप्तरं आपटत आत आल्या. ठकी थेट पाण्याकडे गेली. चिंगी आईच्या खुर्चीला टेकून उभी राहिली.

"ये गं हुशारे!" धाकटी म्हणाली. कौतुक अगदी मनापासूनचं होतं, हेच थोरलीला सोसेना. "हे बघ ठकीचं पत्र. जरा काकूला वाचून दाखव बरं."

"राहू दे गं. आत्ता आलीये, दमलीये."

पण चिंगीने कागद घेतलाही होता. ती ताठ उभी राहिली. पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं.

"डोंगरापलीकडे एक म्हातारं अस्वल राहत होतं. थंडी पडली की त्याला फार एकटं वाटायचं. एके दिवशी..."

बोट कुठेच अडखळलं नाही. ओळ संपली की थांबायचं, श्वास घ्यायचा, पुढच्या ओळीवर उतरायचं. चार संध्याकाळी आईने हेच घोटून घेतलं होतं. चाचणीला कुठला उतारा असतो ते तिला दुसऱ्या एका आईकडून कळलं होतं. परक्या बाईसमोर लेकीची फजिती होऊ नये, एवढंच तेव्हा मनात होतं.

ठकी ग्लास हातात घेऊनच वाकली. "ए, यात अस्वल कुठंय? यात माझं नाव आहे. हे बघ, हे!"

चिंगीचं बोट थांबलं.

धाकटीने पत्र हळूच काढून घेतलं आणि घडी घातली. मुलींना ऐकू जाणार नाही अशा बेताने ती म्हणाली, "वहिनी, पाठ करून घेतलंत?"

थोरली धागे वेचत राहिली.

"अहो, डॉक्टरकडे नेताना कुणी पोराचा ताप उतरवून नेतं का?"

"तू नसतं केलंस?"

"मला वेळच कुठे होता," धाकटी म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

"मी उद्या जाऊन बाईंना सांगते," थोरली म्हणाली. "परत घ्या म्हणावं चाचणी. दोघींचीही."

धाकटीने घडी घातलेलं पत्र पदराखाली घेतलं. "सहा महिन्यांनी आहेच ना पुढची," ती म्हणाली. तिचा आवाज अजून गोडच होता. "तोवर ठकी जे शिकेल ते चिंगीला दाखवेल की. काय गं ठके?"

"हो, मी शिकवीन तिला," ठकी म्हणाली. "अस्वल सोडून."

थोरलीच्या हातातली कात्री थांबली. चिंगी कधी आईकडे, कधी काकूकडे बघत होती. कुणी रागावलेलं दिसत नव्हतं, पण कुणी शाबासही म्हणत नव्हतं.

"माझं चुकलं का काही?"

"नाही गं राणी." थोरलीने तिच्या कपाळावरचे घामेजलेले केस मागे सारले. "तुझं एक अक्षरसुद्धा चुकलं नाही."

"म्हणून मला नाही घेतलं?"

धाकटीने खिडकीकडे तोंड फिरवलं. चिंगीने थोडा विचार केला. मग आईच्या कानाशी आली आणि त्या चार संध्याकाळी पाठ करताना विचारायची तशाच शहाण्या, मेहनती आवाजात म्हणाली,

"मग पुढच्या वेळी किती चुकू, आई?"