आधी आलेला शेवटचा तुकडा

"अहो, निरोप येताहेत, स्कॅन येत नाहीये!" फोनवर सर्जन जवळजवळ ओरडलेच. "लांबच्या दवाखान्यात एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा अंगठा मशीनच्या पट्ट्यात सापडून चिरडलाय. आतली रक्तवाहिनी शाबूत असेल तर त्यांना इकडं आणायचं, नसेल तर तिथंच अंगठा कापायचा. मोबाईलच्या फोटोत ती दिसत नाही. अर्धा तास आहे माझ्याकडे."

सर्जनांच्या इस्पितळात स्कॅन उतरवून घेणारं मशीन, हा फोन आला होता त्याच ऑफिसात बनलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालायचं. प्रोग्रामरनं खुर्ची मागं ढकलली आणि उभ्यानंच पडद्यावर येणारी माहितीची पाकिटं तपासायला घेतली. शेजारी मास्तर. सगळे त्यांना मास्तरच म्हणत. नेटवर्कचा कोड त्यांच्या हातचा.

"लहान पाकीट पोचतंय, मोठं गायब," ती म्हणाली. "मोठ्याचे वाटेत तुकडे होतात. म्हणजे ते जोडताना आपलाच घोळ होतोय."

"जोडणी अकरा वर्षं बिनतक्रार चाललीय. लाइनवाल्यांना विचार."

"त्यांनी कालपासून दोन रस्ते दिलेत. तुकडे दोन्हीकडून येताहेत." तिनं पडद्यावर बोट टेकवलं. "हे बघा, सापडलं! शेवटचा तुकडा आधी आलाय. आणि तुमचा कोड म्हणतो, शेवटचा आला की मोजा, कमी भरले तर सगळे फेकून द्या."

मास्तर वाकले. त्यांचे कान लाल झाले.

"शेवटचा आला म्हणजे सगळे आले, असं धरून चाललो मी."

"आधी कळस मग पाया, मास्तर! कळस आला तर बाजूला ठेवायचा आणि पायाची वाट बघायची."

"किती वेळ? जन्मभर थांबलो तर मेमरी तुंबेल."

"तीस सेकंद. तोवर नाही आले तर फेका खुशाल."

"लिही. मी मागून वाचतो."

चार ओळी खोडल्या, नऊ लिहिल्या. एका ओळीत तिची बेरीज एकानं चुकली. मास्तरांनी ती हवेतच पकडली. तुकडे मुद्दाम उलट्या क्रमानं पाठवून पाहिले. जुळले! पुन्हा पाठवले. पुन्हा जुळले! इस्पितळाचं मशीन नव्या कोडवर चालू झालं तेव्हा बावीस मिनिटं उलटली होती.

फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता.

"आला," सर्जन म्हणाले. "थांबा... थांबा... वाहतंय! रक्त वाहतंय!" लगेच ते दुसऱ्या फोनवर त्या दवाखान्याला ओरडले, "पाठवा त्या बाईंना इकडं, अंगठ्याला कुणी हात लावू नका!"

प्रोग्रामरनं टेबलावर अशी थाप मारली की पलीकडच्या खोलीतले लोक धावत आले. मास्तर हसत होते, चष्मा काढून डोळे पुसत होते. मग एकदम थांबले.

"आजवर असे किती जणांचे स्कॅन फेकले असतील गं मी?"

ती तोच जुना कोड चालवणाऱ्या दुसऱ्या इस्पितळाचा नंबर फिरवत होती. मास्तरांनी चष्मा घातला, इस्पितळांची यादी पुढं ओढली आणि तिसऱ्याचा फिरवायला घेतला.