निशाणी नांगर

सरकारी मीठ खात्याच्या शिपायांनी ठमाबाईला चावडीपुढे आणून उभं केलं, तेव्हा तिच्या पदराच्या गाठीतून अजून खारं पाणी ठिबकत होतं. खाडीकाठी उन्हाने आपोआप जमलेलं मीठ तिने ओंजळभर खरवडलं होतं, मासळीला लावायला; सरकारच्या कायद्यात ती चोरी होती.

कोपरचा पाटील काळुराम ओट्यावरून खाली उतरला. ठमाबाई त्याची चुलती. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं.

"बाई माझ्या गावची हाय," तो शिपायांबरोबरच्या कारकुनाला म्हणाला. "निवाडा मी करतो. गावदेवीला नारळ देईल, आठ दिवस बंधाऱ्यावर माती टाकील. माझा बाप असंच करायचा."

कल्याणहून आलेला कारकून तसा वाईट माणूस नव्हता. त्याने कागद पुढे केला. "पाटीलबुवा, तो काळ गेला. निवाडा आता कल्याणच्या कचेरीत. तुम्ही एवढंच लिहून द्यायचं, की मीठ हिच्या पदरात सापडलं."

"आणि नाही दिलं तर?"

"तर पाटील दुसरा कोणी होईल. तोही हेच लिहून देईल."

"मग मी पाटील कशाचा?"

"असं कसं? सनदेवर नाव तुमचं, होळीचा मान तुमचा. तो कुणी काढलाय?"

काळुरामने कागदाला हात लावला नाही. शेवटी ठमाबाईच बोलली. "कालू, काढ रं नांगर. तुज्या बापाची पाटीलकी हाय. माजेपायी घालवू नुको."

त्याला लिहिता येत नव्हतं. घराण्याची निशाणी नांगर. त्याने काडी शाईत बुडवली आणि नांगर काढला. वाकडा आला.

"चालेल," कारकून म्हणाला.

कल्याणला नेणाऱ्या होडीत चढताना ठमाबाई मागे वळली. "सुनेला सांग, भात मऊ शिजव. तुला कडक सोसत नाय."



होडी वळणाआड गेली. काळुराम परतला, तर चावडीपुढे गावातले परशुराम आणि गोविंदा, सख्खे भाऊ, एकमेकांवर ओरडत उभे होते. शेताच्या बांधावरून सकाळीच काठ्या निघाल्या होत्या. पाटलाला पाहून दोघे गप्प झाले.

"बसा," काळुराम म्हणाला. "काय झालं ते सांगा."

बसलं कुणीच नाही. थोरल्या परशुरामने वाकून रामराम केला. "तुमाला कशाला तरास, पाटील? आमी कल्यानलाच जातो."

आणि भांडत भांडतच दोघांनी कल्याणची वाट धरली.

काळुराम ओट्यावर बसून ऐकत राहिला. त्यांच्या बापाने वाटणी केली तेव्हा तो तिथे हजर होता. खुणेचा दगड कुठे पुरलाय, कुणी कधी हलवला, सगळं त्याला ठाऊक होतं. आवाज ऐकू येईनासे झाले, तोवर त्याचा निवाडा होऊन गेला होता.

बांध धाकट्याचा होता.